तळाला काय फासावं?

कर्जतला राहून समुद्रातल्या नौकेच्या रंगावर लिहायचं म्हणजे जरा धाडसच आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे उल्हास नदी, पलीकडे खालापुरात पाताळगंगा, आणि जुलैतला तो सुप्रसिद्ध पाऊस. पण आपल्या या डोंगरपायथ्याचा समुद्राशी अगदीच संबंध नव्हता असं नाही बरं का. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला. पुढे १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू होईपर्यंत देशावरचा बराच माल घाट उतरून, खालापूर ओलांडून पनवेल बंदरात जायचा आणि तिथून नावेत चढून मुंबईला. म्हणजे बैलाच्या खुरांइतकीच नावेच्या तळाचीही काळजी कोणीतरी घेत असणार!

तळाला होतं काय? समुद्राच्या पाण्यात काहीही बुडवून ठेवा, थोड्याच दिवसांत त्यावर बुळबुळीत थर चढतो, मग शेवाळ येतं, मग बार्नॅकल. खडकांवर अनवाणी चालताना तळपाय कापणारे ते पांढरे, कवचवाले जीव, तेच हे. तळ खरखरीत झाला की नौका रखडते. लाकडी जहाजाला वर आणखी एक शत्रू, लाकूड पोखरणारा जहाजकिडा. (नाव किडा, पण जात शिंपल्याची.)

आपल्या गलबतांचा उपाय सोपा होता. भरतीला किनाऱ्यावर घ्यायचं, ओहोटीत उघडं पडलं की तळ खरवडायचा, आणि चुना, चरबी, माशाचं तेल असलं काहीतरी चोपडायचं. पावसाळ्यात वर ओढून शाकारून ठेवायचं. आंग्र्यांची गलबतं उथळ तळाची, त्यामुळे त्यांना हे जमून जायचं. मोठ्या जहाजांसाठी विजयदुर्गजवळ गिर्ये इथे वाघोटणच्या खाडीत मराठ्यांची गोदी होती. तिचे अवशेष अजून आहेत, मुद्दाम वाट वाकडी करून बघण्यासारखे. इंग्रजांनी १७५० च्या सुमारास मुंबईत सुकी गोदी बांधायला घेतली. सुरतेहून १७३६ साली आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांचे वंशज यांनी तिथे जी सागवानी जहाजं बांधली, त्यातलं १८१७ चं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय.

आता खरी गंमत. १७६१ साली ब्रिटिश नौदलाने 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून बघितला. तांबं समुद्राच्या पाण्यात हळूहळू विरघळतं आणि ते चिकटू पाहणाऱ्या जीवांना विषारी असतं. दोनेक वर्षांनी पाहिलं तर पत्रा छान, लाकूड छान, पण पत्रा धरून ठेवणारे लोखंडी खिळे जागोजागी गळालेले! तांबं, लोखंड आणि खारं पाणी मिळून बॅटरीच तयार झाली होती. जिथे पत्र्याचा वेष्टणाचा कागद चुकून मधे राहिला होता, तिथले खिळे मात्र शाबूत.

पुढे १८२४ मध्ये सर हम्फ्री डेव्हीने उलट प्रयोग केला. तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडले की तेच झिजतात आणि तांबं वाचतं. तांबं खरंच वाचलं. आणि तळावर पुन्हा शेवाळ आणि बार्नॅकल! कारण तांबं विरघळेनासं झालं तर विष येणार कुठून? आमच्या भाषेत सांगायचं तर झिजणं हा बग नव्हताच, तेच फीचर होतं.

हे एकदा डोक्यात बसलं की रंगाच्या डब्यावरची अर्धी जाहिरात आपोआप निकालात निघते. पत्रा जाऊन तांब्याचा ऑक्साइड घातलेला रंग आला, तरी तत्त्व तेच. त्याहून जालीम म्हणून १९७० च्या दशकात ट्रायब्युटाइल टिनचा रंग सर्वत्र पसरला. फारच गुणी रंग! इतका की फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची शेतीच कोलमडली, कवचं वेडीवाकडी होऊ लागली, पिल्लं जगेनात. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान नौकांवर बंदी घातली. आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला, अमलात यायला २००८ उजाडलं. विष तळावरून सुटणारच, फक्त ते जाऊन कोणाच्या ताटात पडतं हे आधी कोणी विचारलं नव्हतं.

बरं, रंगच नको म्हणावं तर? रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची 'सुहैली' ही ३२ फुटी सागवानी नौका आपल्या मुंबईत बांधलेली. १९६८-६९ मध्ये तिने ३१२ दिवसांत कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत तळाची फट गळायला लागली तेव्हा गड्याने पाण्यात बुडी मारून ती बुजवली आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. पन्नास वर्षांनी त्याच सफरीच्या स्मरणार्थ शर्यत झाली. तिच्यात फिनलंडच्या तापिओ लेहतिनेनच्या तळावर बार्नॅकलचं रान माजलं आणि त्याला ३२२ दिवस लागले. अर्धशतकाचं तंत्रज्ञान, आणि दहा दिवस जास्तच!

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर एका मित्राने तिघांच्या भागीदारीत जुनी फायबरग्लासची शिडाची नौका घेतली आहे आणि मला सल्ला विचारलाय. नौका ॲल्युमिनियमची असती तर तांब्याच्या रंगाला सरळ नाही म्हटलं असतं. 'अलार्म'चे खिळे आठवा. फायबरग्लासला ती भीती नाही. पक्का, कडक रंग घासता येतो, पण नौका बाहेर काढून सुकवली की त्याचा जोर कमी होतो आणि वर्षानुवर्षं थरावर थर साचतात. यांची नौका दर पावसाळ्यात बाहेर निघणार, म्हणून मी थराथराने झिजणारा रंग सुचवला. दोन हात पुरेत, पाण्याच्या रेषेवर आणि सुकाणूवर एक जास्त.

तो पटला. भांडण आहे ते जुन्या रंगावरून. माझं म्हणणं, कोरडा घासू नका, ओला करून खरवडा, खाली ताडपत्री टाका, खरवड गोळा करून घातक कचऱ्यात द्या. एका भागीदाराचं म्हणणं, ओहोटीला वाळूतच पडू दे, भरती घेऊन जाईल, कोण बघतंय. त्याच खाडीतली कालवं बायका खडकावरून फोडून बाजारात आणतात, हे त्याला अजून सांगायचं आहे.