पाटी पुसल्यावर काय उरते?

‘पोर्टफोलिओ’ हा शब्द कोल्हापूरला तसा नवा नाही. या कलापुरात चित्रकलेचा विद्यार्थी काखेत मोठी फाइल घेऊन हिंडताना नेहमी दिसतो. तिच्यात चांगली, फसलेली, अर्धवट अशी सगळी रेखाटने असतात. याच गावात आबालाल रहिमान होऊन गेले. १९२२ साली शाहू महाराज गेले, तेव्हा दुःखाच्या भरात आबालालांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थ तलावात बुडवली, अशी हकीकत इथली जुनी माणसे सांगत आली आहेत. खरेखोटे तो तलाव जाणे.

आता तशीच फाइल शाळेतल्या मुलाच्या हाती येऊ घातली आहे, पण ती पडद्यावरची. डिजिटल स्वाध्यायपुस्तिकेत मूल गणित सोडवते, चित्र काढते, कविता स्वतःच्या आवाजात म्हणून ठेवते. शिक्षक त्यावर शेरा लिहितात आणि ते पान तारखेसह त्या मुलाच्या ऑनलाइन संचात जमा होते. जूनमधले पान आणि मार्चमधले पान शेजारी ठेवून बघता येते. ऐकायला हे फार आधुनिक वाटते. मला मात्र ते एका जुन्या दुखण्यावरचे औषध वाटते. ते दुखणे म्हणजे पुसणे.

पंतोजींच्या शाळेत मुले धुळीत अक्षरे गिरवत. ‘धुळाक्षरे’ हा शब्द तिथलाच. अक्षर काढायचे, हात फिरवून मोडायचे, पुन्हा काढायचे. अँड्र्यू बेल नावाच्या पाद्रीसाहेबाने मद्रासकडे वाळूत लिहिण्याची ही रीत पाहिली आणि १७९७ साली पुस्तक छापून ती विलायतेला सांगितली. आपल्याकडे पुढे दगडी पाटी आली. रेडिओवरून पाटी दाखवता येत नाही, पण माझ्या वयाच्या माणसांना त्या ओल्या फडक्याचा वास आठवत असेल.

१९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. तो कायदा, तो दंड, सगळे आज वाचता येते. पण त्या कायद्यामुळे ज्या घरात पहिल्यांदा अक्षर शिरले, त्या घरातल्या पोराने पाटीवर काय लिहिले? कुठे अडखळले? ते त्याच दिवशी पुसले गेले. राजाचा हुकूम उरला, पोराचे अक्षर गेले. इतिहास वाचताना मला ही पोकळी सारखी टोचते.

मुलाची नोंद राहिली पाहिजे, असे म्हणणाऱ्यांत आपल्याच जिल्ह्याचा एक माणूस होता. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा, आणि १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव. केवळ बाहेरच्या परीक्षेवर विसंबू नका, मुलाच्या वाढीचे संचयी नोंदपत्रक ठेवा, असे त्या आयोगाने सांगितले. शिफारस मोलाची होती. मास्तरांच्या वाट्याला मात्र रकाने आले. २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, वर्णनात्मक नोंदी आल्या. ‘वाचनाची आवड आहे’ हे वाक्य किती प्रगतिपुस्तकांत एकाच हाताने उतरले असेल! मुलाविषयीचे मत साठत गेले, मुलाचे काम नाही.

मधल्या काळात क्यूआर कोड आला. तो पाठ्यपुस्तकांत आणणाऱ्या, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, हे आपण जाणतोच. पण तो कोड धडा मुलापर्यंत आणतो. मुलाने लिहिलेले ठेवायला जागा वेगळीच लागते.

ती का लागते, हे आम्हाला ऑगस्ट २०१९ मध्ये कळले. पंचगंगा चिखली-आंबेवाडीच्या घरांत शिरली आणि भांड्याकुंड्यांबरोबर वह्याही गाळात गेल्या. पुढच्याच वर्षी कोरोनाने शाळा बंद केल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्याने व्हॉट्सअॅपवरचा ‘स्वाध्याय’ उपक्रम सुरू केला. दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे, निकाल लगेच. त्या दिवसांत तो मोठाच आधार होता. तरी पर्याय निवडणे म्हणजे लिहिणे नव्हे. मी कविता करतो. वहीतली खोडलेली ओळ मला छापलेल्या ओळीपेक्षा जास्त काही सांगते.

कागदावरही प्रयत्न झाला. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकांत ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पाने बांधली गेली. मुले वेगळ्या वह्या वापरतच राहिली आणि २०२५ साली ती पाने बंद झाली. नुसती कोरी जागा देऊन भागत नाही. तिथे काय लिहायचे हे कुणी दाखवावे लागते, आणि लिहिलेले कुणी वाचावे लागते.

पडद्यावरच्या संचाचेही तेच आहे. शिवाय मोबाइल बापाचा, पासवर्ड शाळेचा; मग आठवीनंतर शाळा बदलली की ती पाने कुणाची? भेटेल त्या शिक्षकाला मी हे विचारतो. एका बाईंचे उत्तर आवडले. वर्षअखेर प्रत्येक मुलाला त्या स्वतःची चार पाने निवडायला सांगतात, ती छापून घरी देतात. छपाईचा खर्च सध्या त्यांच्या पगारातून होतो.