अग्निपिंडशोथ, मांजरातील

अग्निपिंडशोथ, मांजरातील : मांजराच्या अग्निपिंडाचा (स्वादुपिंडाचा) दाहजन्य विकार. अग्निपिंडातील पाचक एंझाइमे ग्रहणीत (लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात) पोहोचण्यापूर्वीच सक्रिय झाल्यास ती ग्रंथीचेच ऊतक पचवू लागतात. विकार तीव्र किंवा चिरकारी असतो. बहुतेक वेळा निश्चित कारण सापडत नाही. मांजराची अग्निपिंडनलिका ग्रहणीत उघडण्यापूर्वी पित्तनलिकेस मिळते. त्यामुळे अग्निपिंड, यकृत व आतडे यांचे शोथ पुष्कळदा एकत्र आढळतात.

या विकाराचा इतिहास म्हणजे मुख्यतः तो नजरेतून निसटल्याचा इतिहास होय. बॉस्टन येथील रेजिनल्ड फिट्‌झ यांनी १८८९ मध्ये माणसातील तीव्र अग्निपिंडशोथाचे पद्धतशीर वर्णन केले. त्याच वर्षी मिंकोव्हस्की व फोन मेरिंग यांनी अग्निपिंड काढून टाकल्यास मधुमेह होतो असे दाखविले. परंतु त्यांचा प्रयोगप्राणी कुत्रा होता. पुण्यातही १८८९ मध्येच इंपीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली (ती १८९३ मध्ये कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली). तिच्यापुढे आणि १८८६ मध्ये परळ येथे सुरू झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयापुढे प्रश्न होते ते गुरांचे व घोड्यांचे. भोर व वेल्हे (राजगड) या भातशेतीच्या डोंगराळ तालुक्यांचा विचार केला, तर त्यात नवल नाही. ऐन आवणीत बैल बुळकांड्याने किंवा घटसर्पाने गेला, तर घराचे वर्ष बुडे. मांजर गेले, तर कणगीला उंदीर लागत, एवढेच. मांजराच्या आजारासाठी वैद्य शोधण्याची प्रथाच नव्हती.

दुसरे कारण खुद्द मांजराच्या स्वभावात आहे. माणसाला या विकारात पोटात असह्य कळा येतात. कुत्रा बहुधा ओकतो. फिलाडेल्फिया येथे १९७६–८९ या काळातील तीव्र विकाराच्या ४० मांजरांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी जवळजवळ सर्व मलूल होती व खात नव्हती; मात्र ओकारी सुमारे एकतृतीयांश मांजरांत, तर पोटदुखी त्याहूनही कमी मांजरांत आढळली. माळ्यावर अंग चोरून बसलेल्या मांजराला आपण ‘रुसले आहे’ म्हणतो, तेव्हा ते आजारी असू शकते.

कुत्र्यांसाठी वापरात असलेल्या अमायलेज व लायपेज या रक्तचाचण्या मांजरात निरुपयोगी ठरल्या. मांजराच्या अग्निपिंडातील लायपेज नेमके ओळखणारी प्रतिरक्षा-चाचणी २००४ च्या सुमारास उपलब्ध झाली. तीही एकटी निर्णायक नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११५ मांजरांच्या शवपरीक्षांत दोनतृतीयांशांच्या अग्निपिंडात शोथाच्या खुणा दिसल्या, आणि निरोगी समजल्या गेलेल्या मांजरांतही त्यांचे प्रमाण ४५ टक्के होते. म्हणून लक्षणे, रक्तचाचणी व श्राव्यातीत ध्वनिचित्रण यांचा मेळ घालावा लागतो. चित्रण निर्दोष आले, तरी विकार नाही असे म्हणता येत नाही.

विकार बरा करणारे विशिष्ट औषध मांजरासाठी प्रस्थापित झालेले नाही. शिरेतून द्रव देणे, वेदना शमविणे (ब्यूप्रेनॉर्फीन) व ओकारी थांबविणे (मॅरोपिटंट) हे उपचाराचे आधार होत. जंतुसंसर्गाचा संशय नसल्यास प्रतिजैविके सरसकट देत नाहीत. अग्निपिंडाला विश्रांती म्हणून रोग्याला उपाशी ठेवण्याची जुनी रीत, आपल्याकडील लंघनाशी जुळणारी, माणसावरून मांजराला लावली गेली आणि तिने अपाय केला. काही दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात मेद साचून ते दगावू शकते. आता शक्य तितक्या लवकर, जरूर पडल्यास नळीने, अन्न देतात. घरातील पॅरासिटामॉल मात्र मांजराला कधीही देऊ नये. त्याची अल्प मात्राही प्राणघातक ठरते.

तीव्र विकारातून वाचलेल्या काही मांजरांत चिरकारी शोथ राहतो. त्यांना पुढे मधुमेह होऊ शकतो किंवा पाचक एंझाइमे कमी पडून ती खाऊनही खंगत जातात.