'फंकी ड्रमर' ठेका म्हणजे काय? मोबाईलवर तो कसा शिकायचा?

तुम्ही हिप-हॉप ऐकत असाल, तर 'फंकी ड्रमर'चा ठेका नाव माहीत नसतानाही कानावर पडलेला असणार. आज आपण हा ठेका कुठून आला, तो कसा वाजवायचा आणि वाजवणाऱ्याला त्यातून काय मिळालं, हे पाहूया.

हा ठेका आला कुठून?

नोव्हेंबर १९६९ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात जेम्स ब्राऊनने हे गाणं रेकॉर्ड केलं. १९७० मध्ये ते बाजारात आलं. ड्रमवर होता क्लाइड स्टबलफील्ड. गाण्यात एका ठिकाणी बाकी सगळी वाद्यं थांबतात आणि काही सेकंद फक्त ड्रम वाजतो. यालाच 'ब्रेक' म्हणतात.

फंकमध्ये पहिल्या ठोक्यावर जोर असतो. मधल्या जागा बारीक, हलक्या आघातांनी भरतात. त्यांना 'घोस्ट नोट्स' म्हणतात.

फोनवर कसा शिकायचा?

माझ्याकडे ड्रमसेट नव्हता. फोन, दोन काड्या आणि एक उशी, एवढंच सामान! कुठलंही १६ घरांचं स्टेप सिक्वेन्सर ॲप उघडा. चार घरं म्हणजे एक ठोका. सुरुवातीसाठी हे सोपं रूप भरा:

- हाय-हॅट: सगळ्या १६ घरांत. फक्त ८ आणि १४ वर 'ओपन' आवाज ठेवा.
- किक: १, ३, ११, १४
- स्नेअर, जोरात: ५ आणि १३
- स्नेअर, एकदम हळू: ८, १०, १२, १६

मी पहिल्यांदा सगळे स्नेअर एकाच आवाजात ठेवले. ऐकलं तर पत्र्याच्या छपरावर गारा पडल्यासारखं! मग घोस्ट नोट्सचा व्हॉल्यूम, म्हणजेच 'व्हेलॉसिटी', एकदम कमी केली आणि ठेका लगेच डोलायला लागला. खरी गंमत तिथेच आहे.

हातांनी वाजवताना मेट्रोनोम ६० वर लावा. आधी फक्त हाय-हॅट, मग जोरातले स्नेअर, मग किक आणि शेवटी घोस्ट नोट्स. अडखळलात तर वेग अजून कमी करा. मूळ गाण्याचा वेग मिनिटाला साधारण १०० ठोके आहे. यूट्यूबवर प्लेबॅक स्पीड ०.५ केला की बारीक आघातही ऐकू येतात.

मग पैसे कुणाला मिळाले?

१९८० च्या दशकात सॅम्पलर नावाची यंत्रं स्वस्त झाली. रेकॉर्डमधला तुकडा उचलायचा आणि पुन्हापुन्हा वाजवायचा, हे सोपं झालं. १९८६ च्या 'इन द जंगल ग्रूव्ह' या संग्रहामुळे हा ब्रेक सहज हाती लागला. पब्लिक एनिमीच्या 'फाइट द पॉवर'सह असंख्य गाण्यांत तो वापरला गेला.

पण गीतकार म्हणून नाव होतं फक्त जेम्स ब्राऊनचं. स्टबलफील्ड बँडमधला पगारी वादक. त्यामुळे सॅम्पलच्या रॉयल्टीत त्याचा वाटा नव्हता. २०१७ मध्ये तो वारला.

म्हणून माझं एक सांगणं आहे. मित्राने वाजवलेला ठेका तुमच्या गाण्यात घेतलात, तर त्याचं नाव लिहा आणि वाटा किती ते आधीच ठरवा. व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी ठेवा.

चला, उशी घ्या आणि सुरू करा!