गादी, खुर्ची आणि कोच

आपल्या ज्ञातीतील जुन्या घरांत बैठक म्हणजे भिंतीस लागून घातलेली गादी, दोन लोड, चार तक्के व वर पांढरी खोळ. पिंजारी दारी येऊन कापूस पिंजून देई, की गादी पुन्हा नवी होई. 'खुर्ची' हा शब्द आपणांकडे अरबी-फारसीतून आला, 'कोच' इंग्रजीतून. स्प्रिंगांची बैठक युरोपातही रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात. तेव्हा आमच्या पणजोबांस ती अपरिचित असल्यास नवल नाही.

सांगली संस्थान १९४८ च्या मार्चमध्ये विलीन झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी आमच्या वडिलांनी एक सागवानी कोच जुन्या बाजारात घेतला. उजवा कोपरा आईचा, हे कोणी ठरविले नव्हते, पण तेथे दुसरे कोणी बसत नसे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातील घरात कोच चार दिवस पाण्यात राहिला. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, हा टाकून द्या." आम्ही तो टेंपोत घालून विश्रामबागेस आणला. पहिल्या कारागिराने वरून नवे रेग्झीन ठोकून देण्याची तयारी दाखविली. दुसरे वृद्ध गृहस्थ तळ चाचपून म्हणाले, "मास्तर, आत गाळ आहे. सगळं उसवायला लागेल."

उसविताना एकाखाली एक तीन अभ्रे निघाले: रेग्झीन, त्याखाली आईने शिवलेली खादी, आणि तळाशी मूळचे हिरवे कापड. घराचा इतिहास असा चुकांनी ठोकून ठेवलेला आम्ही प्रथमच पाहिला! सांगाडा महिनाभर सावलीत सुकविला, सांधे सरसाने जोडले, पट्ट्या नव्या ताणल्या. प्रत्येक स्प्रिंग सुतळीने आठ दिशांस बांधली. वर गोणपाट, काथ्या व कापसाचा थर. आम्ही फोम सुचविला होता. पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत १९३७ साली लागला, ही शाळामास्तरी माहितीही पुरविली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली व म्हणाले, "फोम बसला की फेकायचा, काथ्या पुन्हा पिंजता येतो." खर्च नव्या कोचाहून फारसा कमी आला नाही, हे कबूल केले पाहिजे.

दिवाळीस बंधू आले. उजव्या कोपऱ्यापाशी क्षणभर थांबले, मग तेथेच बसले. चहा दोनदा झाला तरी उठले नाहीत.