डुकरें कोंडण्याचा खेळ

इ. स. १८८९ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेच्या सेनेटमध्यें एक चमत्कारिक प्रकार घडला. न्यूयॉर्कचे सेनेटर विल्यम एव्हर्ट्स हे कांहीं सामान्य गृहस्थ नव्हते. प्रेसिडेंट जॉन्सन यांच्यावर १८६८ सालीं महाभियोग चालला, तेव्हां त्यांचा बचाव करणाऱ्या वकिलांपैकीं ते एक. पुढें ते परराष्ट्रमंत्रीही झाले. यांनीं रस्त्यावरील फेरीवाल्याकडून मुलांचें एक खेळणें विकत घेतलें व तें घेऊन सभागृहालगतच्या दालनांत बसले. थोड्याच वेळांत भोंवतीं इतर सेनेटर जमले, आणखी पांच नग आणावयास पोऱ्या धाडण्यांत आला, आणि शर्यत लागली.

खेळणें म्हणजे एक वाटोळी तबकडी. तींत एकाच्या आंत एक अशीं पुठ्ठ्याचीं कुंपणें, प्रत्येक कुंपणास एक फट, आणि मध्यभागीं कोंडवाडा. चार गोट्या हीं चार डुकरें. त्यांस बोट न लावतां, केवळ तबकडी कलती करून, सर्वांना कोंडवाड्यांत घालावयाचें. पहिलीं दोन-तीन फारशी कुरकुर न करतां आंत जातात. पण शेवटच्यासाठीं तबकडी कलवावी, तों आधींचीं बाहेर! जोर केला कीं डाव फसतो, आणि अति जपून धरली तर गोटी जागची हलत नाहीं.

खेळाचें नांव ‘पिग्ज इन क्लोव्हर’, म्हणजे हिरव्या चाऱ्यांत सुटलेलीं डुकरें. चैनींत लोळणाऱ्यांना इंग्रजींत असें म्हणतात. त्याच महिन्यांत बेंजामिन हॅरिसन प्रेसिडेंट झाले होते, व सरकारी जागांच्या आशेनें पक्षाचे लोक त्यांच्या दारीं लोटले होते. व्यंगचित्रकारांना डुकरें शोधावयास दूर जावें लागलें नाहीं.

खेळाचा जनक चार्ल्स क्रँडल हा लांकूडकाम करणाऱ्या घराण्यांतला. क्रोकेच्या खेळाच्या पेट्यांना तो खांचांचे जोड करीत असे. तसे कांहीं तुकडे त्यानें आपल्या आजारी मुलांना खेळावयास दिले, आणि त्यांतून १८६७ सालीं एकमेकांत बसणारे इमारतीचे ठोकळे निघाले. खरें पाहतां हा शोध अधिक मोलाचा. मुलांना त्यांतून कांहीं उभें करतां येई. परंतु गांवोगांव बोलबाला झाला तो डुकरांचा. वेव्हर्ली गांवच्या त्याच्या कारखान्यांतून दिवसाला ८००० नग बाहेर पडत, तरी मागणी पुरी होईना. नकलाही भराभर निघाल्या.

१९४६ सालीं स्वीडनच्या ब्रिओ कंपनीनें याच जातीचा लांकडी चक्रव्यूह काढला. त्यांत पृष्ठभाग दोन मुठींनीं कलवितात. डुकरें गेलीं, कोंडवाडाही गेला. गोटी गिळावयास साठ भोकें मात्र आलीं.