नाउशिकाचे नाव : जपानी अॅनिमेशनपट, उपशीर्षके आणि डबिंग

जपानी अॅनिमेशनपटांच्या अभ्यासास आरंभ करणारा विद्यार्थी प्रथम विचारतो तो हा, की चित्रपट उपशीर्षकांसह पाहावा की डबिंग केलेला? डबिंग म्हणजे मूळ कृतीची विकृतीच, असा समज रूढ आहे. हायाओ मियाझाकी यांच्या 'कझे नो तानी नो नाउशिका' (१९८४) या चित्रपटाचा इतिहास त्यास दुजोरा देत नाही.

१९८५ साली अमेरिकेत तो 'वॉरियर्स ऑफ द विंड' या नावाने इंग्रजीत आला, तेव्हा सुमारे २२ मिनिटांचा भाग कापलेला होता आणि नायिकेची 'झँड्रा' झाली होती. हा नामबदल क्षुल्लक नव्हे. नाउशिका ही होमरच्या 'ओडिसी'तील राजकन्या. तिच्या जोडीला हेइआन काळातील एका कथेची कीटकप्रेमी कन्या मियाझाकींच्या मनात होती. नावाबरोबर हा ग्रीक धागाच तुटला.

परंतु कापलेल्या प्रतीस उपशीर्षके जोडल्याने गेलेली मिनिटे थोडीच परत आली असती! उलट २००५ साली निघालेल्या इंग्रजी डबिंगमध्ये चित्रपट अखंड राहिला आणि नायिकेस तिचे नावही परत मिळाले. शिवाय जपानमध्ये अॅनिमेशनचे संवाद बहुधा चित्रांनंतरच मुद्रित होतात. 'आकिरा' (१९८८) हा प्रसिद्ध अपवाद. तथाकथित मूळ ध्वनीही असा मागाहून बसविलेलाच.

तथापि जपानी संबोधनांतील आदराच्या पायऱ्या इंग्रजीत सपाट होतात. त्या कानी पडाव्यात म्हणून उपशीर्षकांची प्रत मी पसंत करीन. मात्र ती पुरी ११७ मिनिटांची आहे, हे आधी पाहून.