फुकट सामन्याचे मोल

अकोटच्या बाजारात कापसाचा हर्रास व्हायचा तर आधी माल डोळ्यांनी पाहता येतो, धागा ताणून पाहता येतो. भाव पटला नाही तर गाडी माघारी नेता येते. पण जो माल अजून जन्मासच आलेला नाही आणि आला की चार तासांत शिळा होतो, त्याचा हर्रास कोणी पुकारला तर? क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणाचा धंदा नेमका असा आहे.

मैदानाबाहेरच्या श्रोत्याची सोय मुंबईने फार पूर्वीच केली. १९३४ साली तिथल्या चौरंगी सामन्यांचे धावते वर्णन बॉबी तल्यारखान यांनी नभोवाणीवरून ऐकवले. पुढे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असा निर्णय दिला आणि खासगी कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला.

मग बोली चढू लागली. आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क स्टारने २०१७ साली १६,३४७ कोटींना घेतले. २०२२ साली पुढच्या पाच वर्षांची एकूण बोली ४८,३९० कोटींवर गेली. दूरदर्शन संचाचे हक्क स्टारकडे राहिले. फोनवरचे मात्र रिलायन्सच्या व्हायकॉम१८ने पटकावले आणि २०२३ साली सामने चक्क फुकट दाखवले! स्टारच्या हॉटस्टारचे वर्गणीदार वर्षाच्या आत सुमारे सहा कोटींवरून चार कोटींवर उतरले. मग त्यांनीही त्या वर्षीचा विश्वचषक फोनवर फुकट केला.

गिऱ्हाईक जमले तरी विवंचना सुटत नाही. जुलै २०१९ मध्ये मँचेस्टरच्या उपान्त्य सामन्यात हॉटस्टारवर एका वेळी २ कोटी ५३ लाख प्रेक्षक होते; धोनी धावबाद झाला नि जत्रा उठली. एवढ्या यात्रेकरूंसाठी यंत्रांची तजवीज आधीच करावी लागते. ऐन वेळी ती उभी राहत नाही. खर्च ठरलेला, प्राप्ती मात्र जाहिरातदाराच्या मर्जीवर आणि पावसाच्या लहरीवर!

दोघांनी तोटा सोसला आणि अखेर, वाचकहो, भांडणाऱ्या घरांत सोयरीक झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही धंदे एकत्र आले; फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झाले, आणि फुकटाच्या जागी पुन्हा वर्गणी आली.

आताचे हक्क २०२७ पर्यंतचे आहेत. पुढच्या हर्रासात बोलीला कोण उभे राहील, आणि घरोघरी सामना कोणत्या दराने येईल, हे प्रश्न त्यातच गुंतले आहेत. बाजारात एकच अडत्या उरला म्हणजे भाव कोण ठरवतो, हे अकोटच्या कास्तकाराला समजावून सांगण्याची गरज नाही.